घरगुती वीजमांडणीची सुरक्षा तपासणी

मीटरपासून शेवटच्या सॉकेटपर्यंतची कायम बसवलेली वायरिंग, तिची अर्थिंग आणि तिचे रक्षण करणारी उपकरणे आजही नेमून दिलेले काम करू शकतात का, हे पाहून व मोजून ठरवण्याची पद्धत. इस्त्री, मिक्सर यांसारखी प्लग लावून वापरायची उपकरणे सहसा तिच्या कक्षेत येत नाहीत. आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाच्या आयईसी ६०३६४ या मानकमालेच्या सहाव्या भागात नव्या मांडणीची प्रथम तपासणी आणि वापरातल्या मांडणीची नियतकालिक तपासणी असे तिचे दोन प्रकार मानले आहेत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः दुसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे.

उगम : घरातली वायरिंग तपासण्याची प्रथा अग्निविमा कंपन्यांनी पाडली की विद्युत अभियंत्यांनी, याविषयी मतभेद आहेत. लंडनच्या ‘सोसायटी ऑफ टेलिग्राफ इंजिनिअर्स अँड ऑफ इलेक्ट्रिशियन्स’ या संस्थेने १८८२ मध्ये विजेच्या दिव्यांपासून उद्भवणारा आगीचा धोका टाळण्यासाठी नियम प्रसिद्ध केले. हीच संस्था पुढे ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्स’ झाली, आणि आजच्या बीएस ७६७१ या ब्रिटिश वायरिंग नियमांची परंपरा या १८८२ च्या पत्रकापासून सांगितली जाते. साहजिकच अभियंत्यांच्या बाजूचे लेखक हेच वर्ष आरंभाचे धरतात. मात्र फिनिक्स फायर ऑफिस या लंडनच्याच विमा कंपनीसाठी मस्ग्रेव्ह हीफी यांनी केलेले नियम त्याच सुमाराचे, बहुधा काही महिने आधीचे आहेत. न्यूयॉर्कच्या अग्निविमा मंडळाचे नियम तर १८८१ चे मानले जातात. महिन्यांच्या या हिशेबापेक्षा एक भेद अधिक महत्त्वाचा वाटतो. नियम लिहिणे वेगळे आणि ते पाळले गेले की नाही हे पाहायला माणूस पाठवणे वेगळे. आग लागली की भरपाई विमा कंपनीलाच द्यावी लागे, त्यामुळे तपासनीस पाठवण्याची निकड तिला होती. निदान तपासणीपुरते तरी विमा कंपन्यांचे पारडे जड दिसते. अमेरिकेतला पुढचा क्रमही याला पोषक आहे : विल्यम हेन्री मेरिल हे १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनातल्या विद्युत मांडणीच्या तपासणीत होते, १८९४ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या चाचणीकार्यातून ‘अंडररायटर्स लॅबोरेटरीज’ ही संस्था उभी राहिली आणि १८९७ मध्ये राष्ट्रीय विद्युत संहिता निघाली.

मोजमापाची साधने थोडी नंतरची. सिडनी एव्हरशेड यांचा सोबत नेता येणारा निरोधन-मापक (इन्शुलेशन मोजणारे यंत्र) १८८९ च्या सुमाराचा. त्याच मापकाच्या ‘मेगर’ या व्यापारनावाची नोंद सामान्यतः १९०३ ची धरतात. गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणाऱ्या उपकरणाचे श्रेय ऑस्ट्रियातील गॉटफ्रीड बीगेलमायर, दक्षिण आफ्रिकेतील हेन्री रुबिन आणि अमेरिकेतील चार्ल्स डॅल्झिएल यांच्यात वाटले जाते. तिघांचेही काम १९५० च्या दशकाचा उत्तरार्ध ते १९६१ या काळातले आहे. राहत्या घराची ठरावीक वर्षांनी पुन्हा तपासणी करण्याची पद्धत यानंतरच रुळली असावी.

प्रयोजन : दिवा लागायला फेज आणि न्यूट्रल पुरतात. अर्थिंगच्या तारेतून एरवी जवळजवळ काहीच वाहत नाही. ती तुटली तरी पंखा फिरतो आणि फ्रीज चालतो. आतून अडकून बसलेला आरसीसीबी (वर सांगितलेले, गळती ओळखून वीज तोडणारे उपकरण; बोलण्यात ईएलसीबी) किंवा फेजऐवजी न्यूट्रलमध्ये बसवलेला स्विच यांचीही तीच गत. म्हणजे रक्षण करणारे भाग बिघडल्याचे रोजच्या वापरात कळत नाही, गीझरच्या धातूच्या अंगावर फेज आल्यावरच कळते. तपासणीची गरज आहे ती मुख्यतः यामुळे. जुनी वायर हे त्यामानाने दुय्यम कारण आहे.

दुसरा मूक दोष ढिल्या स्क्रूचा. जोडात ०.१ ओम रोध आला आणि त्यातून १६ अँपिअर वाहू लागले, तर त्या एका टोकावर सुमारे २५ वॉट उष्णता तयार होते. प्रवाह मर्यादेतच असल्याने एमसीबी (जास्त प्रवाह वाहताच आपोआप बंद होणारा स्विच) पडत नाही. उष्णतेने तांबे काळवंडते, रोध वाढतो, टोक आणखी तापते आणि शेवटी भोवतीचे प्लास्टिक जळते. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेत हे लवकर घडते, कारण स्क्रूच्या दाबाखाली हा धातू हळूहळू सरकतो आणि त्याच्या पृष्ठावरचे ऑक्साइड वीज वाहू देत नाही. नेहमीचे पीव्हीसी निरोधन ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तारेसाठी असते. सतत त्याहून तापले की ते कडक होऊन तडकते. त्याआधीच्या पिढीतले रबर वाकवताच भुगा होऊन गळते, म्हणून अशा घरात तपासनीस बोर्डाला विनाकारण हात लावत नाहीत.

पद्धत : आधी डोळे, मग बंद मांडणीवरच्या चाचण्या, शेवटी चालू मांडणीवरच्या, हा क्रम उलटवायचा नसतो. अर्थिंग सलग आहे याची खात्री नसताना चालू मांडणीवर दोषप्रवाह सोडणारी चाचणी केली, तर घरातल्या सगळ्या धातूच्या अंगांवर धोकादायक दाब (व्होल्टेज) येऊ शकतो.

नजरेच्या तपासणीतच बरेच दोष सापडतात : १.५ चौ. मिमी इतक्या बारीक तारेवर ३२ अँपिअरचा एमसीबी, फेज म्हणून वापरलेली हिरवी तार, बोर्डामागे पिळून पट्टी गुंडाळलेला जोड, तपकिरी पडलेला सॉकेट, दोन सर्किटांत मिळून एकच न्यूट्रल. शेवटचा दोष विशेष घातक असतो. एका सर्किटचा एमसीबी खाली असूनही दुसऱ्याच्या भारामुळे सुटलेल्या न्यूट्रलवर वीज येते. स्क्रू निर्मात्याने सांगितलेल्या पिळाइतकेच आवळायचे. जास्त आवळल्याने तार चेपते आणि दोष नव्याने तयार होतो.

बंद मांडणीवर काम करण्यापूर्वी टेस्टर आधी नक्की चालू असलेल्या ठिकाणी, मग बंद केलेल्या सर्किटवर आणि पुन्हा चालू ठिकाणी लावून पाहतात. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल तर ते असे उघड होते. मग सलगता. मुख्य बोर्डावर फेज आणि अर्थ एकमेकांना जोडून प्रत्येक सॉकेटवर किमान २०० मिलिअँपिअर प्रवाहाने रोध मोजतात. फेज २.५ आणि अर्थ १.५ चौ. मिमी तांब्याची असेल, तर २० मीटरवर सुमारे ०.३९ ओम यायला हवा. ०.९ आला तर वाटेत कुठेतरी जोड ढिला आहे. मापकावर आकडाच आला नाही तर अर्थ तुटली आहे किंवा फेज-न्यूट्रल उलट जोडले आहेत.

निरोधन ५०० व्होल्ट एकदिश (डीसी) दाबाने मोजतात आणि किमान १ मेगाओम अपेक्षित असतो. राहत्या घरात फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थशी मोजणे सुरक्षित, नाहीतर सॉकेटला राहून गेलेला एखादा चार्जर जळतो. डिमर व इलेक्ट्रॉनिक उपकरणे आधी सोडवतात. सर्ज-रोधक (दाबाची अचानक उसळी रोखणारे उपकरण) तसाच राहिला तर आकडा खोटा कमी येतो. तो काढता येत नसेल तर दाब २५० व्होल्टवर आणतात. किमान मर्यादेबाबत संहितांत एकवाक्यता नाही. ब्रिटिश नियमांत पूर्वी ०.५ मेगाओम चाले. आयएस ७३२ या भारतीय मानकात ५० मेगाओमला पॉइंटांच्या संख्येने भागून मर्यादा काढण्याची रीत आहे. मात्र संपूर्ण मांडणीला १ मेगाओमहून अधिकाची सक्ती नाही. जपानमध्ये १०० व्होल्टच्या सर्किटाला ०.१ मेगाओम पुरतो. या फरकाचे एक कारण असे की गळतीचे मार्ग समांतर असतात. जितके पॉइंट एकत्र मोजाल तितका आकडा खाली येतो. धडधाकट केबल शेकडो मेगाओम दाखवते, त्यामुळे एकट्या सर्किटवर १.२ आला तर ते कागदावर उत्तीर्ण असले तरी अनुभवी तपासनीस सर्किट फोडून दोषाची जागा शोधतात.

चालू मांडणीवर दोषमार्गाचा एकूण रोध मोजतात. २३० व्होल्टवर बी प्रकारचा ३२ अँपिअरचा एमसीबी झटक्यात पडायला त्याच्या पाचपट, म्हणजे १६० अँपिअर लागतात. म्हणून मार्ग १.४४ ओमच्या आत हवा. गार तारेवर मोजताना साधारण १.१ च्या आत धरतात, कारण भाराखाली तार तापून रोध वाढतो. वारंवार पडतो म्हणून बी काढून सी प्रकार बसवला की दहापट प्रवाह लागतो आणि मर्यादा ०.७२ वर येते. तार तीच राहते, बोर्ड नीटनेटका दिसतो आणि ०.४ सेकंदांत वीज तुटण्याची हमी मात्र गेलेली असते. सामान्य दुरुस्त्यांतून शिरणारा हा बहुधा सर्वांत दुर्लक्षित दोष आहे.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ वर पडता कामा नये, ३० वर ३०० मिलिसेकंदांत आणि १५० वर ४० मिलिसेकंदांत पडायला हवा. त्यावरचे ‘टी’ बटण फक्त आतली यंत्रणा हलते का हे सांगते. घरात अर्थिंगच नसले तरी ते बटण काम करते. नित्याची गळती ९ मिलिअँपिअरच्या वर असेल तर सर्किटे वेगळी करतात. वाहन-चार्जर किंवा सौर इन्व्हर्टर असलेल्या घरात एसी प्रकारचा (फक्त उलटसुलट वाहणारी गळती ओळखणारा) आरसीसीबी एकदिश गळतीने आंधळा होऊ शकतो. अशा ठिकाणी आरसीसीबीचा ए किंवा बी प्रकार (एमसीबीचा बी प्रकार वेगळा) आहे का, हे तपासावे लागते. स्वतःचा अर्थ-खड्डा असलेल्या घरात सूत्राप्रमाणे खड्ड्याचा रोध १,६६७ ओम असला तरी चालतो (५० व्होल्ट भागिले ०.०३ अँपिअर). पण जमीन वाळली की हा आकडा वर जातो, म्हणून २०० ओमच्या आतला रोधच भरवशाचा मानतात.

केव्हा करावी : मालक स्वतः राहत असलेल्या घरासाठी दहा वर्षे आणि भाड्याच्या घरासाठी पाच वर्षे हे ब्रिटिश मार्गदर्शनातले अंतर इतरत्रही उद्धृत होते. ते कमाल अंतर समजणे बरे. प्रत्यक्षात दिनदर्शिकेपेक्षा घरात झालेला बदल महत्त्वाचा ठरतो. घर विकत घेण्यापूर्वी किंवा राहणारे बदलताना, एसी, गीझर, सौर पॅनेल वा वाहन-चार्जर जोडताना, भिंती फोडून केलेल्या कामानंतर, आग किंवा पुरानंतर आणि उंदरांनी केबल कुरतडल्याची शंका येताच तपासणी करावी. पाण्यात बुडालेले एमसीबी व आरसीसीबी वाळवून वापरत नाहीत, बदलतात. नळाला किंवा फ्रीजला हात लावताच झिणझिण्या येणे, बोर्ड गरम लागणे, जळकट किंवा माशासारखा वास येणे ही लक्षणे दिसताच ते सर्किट बंद करून त्याच दिवशी माणूस बोलवावा. काही दिवे मंद तर काही एकदम प्रखर होत असतील तर थ्री-फेज जोडणीतला न्यूट्रल सुटत असण्याची शक्यता असते. तेव्हा मुख्य स्विचच खाली करावा, कारण अशा वेळी एखाद्या फेजवरचा दाब ४०० व्होल्टकडे जाऊ शकतो.

कायदे : इंग्लंडमध्ये खासगी भाड्याच्या घरांना २०२० च्या नियमांनी किमान दर पाच वर्षांनी तपासणी सक्तीची केली. फ्रान्समध्ये २००९ पासून १५ वर्षांहून जुनी मांडणी असलेले घर विकताना अहवाल जोडावा लागतो. बेल्जियममध्ये घरांसाठी २५ वर्षांचे अंतर आहे. दक्षिण आफ्रिकेत मालकी बदलताना प्रमाणपत्र दोन वर्षांच्या आतले लागते. जपानमध्ये दर चार वर्षांनी होणाऱ्या तपासणीचे शुल्क घरमालकाकडून घेत नाहीत. भारतात १९५६ च्या विद्युत नियमांत पाच वर्षांच्या आत तपासणीची तरतूद होती.

अहवाल व मर्यादा : ब्रिटिश पद्धतीत सी-१ म्हणजे धोका आत्ताच आहे, सी-२ म्हणजे संभवतो, सी-३ म्हणजे सुधारणा सुचवली आहे आणि एफआय म्हणजे अधिक तपास हवा. सी-१ आढळल्यास तपासनीस अहवालाची वाट न पाहता राहणाऱ्यांना लगेच कळवतात आणि त्यांच्या संमतीने जागीच धोका दूर करतात. आजच्या नियमांत न बसणारी प्रत्येक जुनी गोष्ट धोकादायक नसते, त्यामुळे निव्वळ सी-३ वर घर नापास होत नाही. अहवाल त्या दिवसापुरता असतो आणि बहुधा नमुन्यावर आधारलेला असतो. भिंतीतली केबल, जड कपाटामागचा सॉकेट, छताच्या पोकळीतला जोड हे राहून जातात. म्हणून किती टक्के पॉइंट उघडून पाहिले आणि कोणती सर्किटे बंद करू दिली नाहीत, हे त्यात लिहिलेले असावे लागते. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने ढिले जोड सापडतात, पण सर्किटवर पुरेसा भार चालू असेल तरच. रिकाम्या घरात तो काहीच दाखवत नाही.