चिपचा खप वाढूनही यंत्रांच्या ऑर्डरी का घटतात?

15 ऑक्टोबर 2024 रोजी चिप बनवण्याची यंत्रे तयार करणाऱ्या नेदरलँड्समधील एएसएमएल या कंपनीचे तिमाही निकाल तांत्रिक चुकीमुळे एक दिवस आधीच प्रसिद्ध झाले. नव्या ऑर्डरी 2.6 अब्ज युरोच्या, म्हणजे विश्लेषकांच्या अपेक्षेच्या जेमतेम निम्म्या निघाल्या आणि समभाग एका दिवसात सुमारे 16 टक्के कोसळला. त्यानंतर दोनच दिवसांनी याच कंपनीची मोठी ग्राहक असलेल्या तैवानच्या टीएसएमसी या चिपनिर्मात्या कंपनीने आपला तिमाही नफा 54 टक्के वाढल्याचे सांगितले. या दोन बातम्या परस्परविरोधी वाटतात, पण तशा त्या नाहीत. ऑर्डरी कमी होण्यामागे इतर काही चिपनिर्मात्यांनी लांबणीवर टाकलेले कारखाने होते, हे खरेच. तथापि त्याखाली एक साधे अंकगणित आहे आणि ते समजल्याशिवाय या उद्योगात पैसे गुंतवू नयेत, असे माझे मत आहे.

सिलिकॉनच्या गोल चकतीवर, म्हणजे वेफरवर, प्रकाशाच्या साहाय्याने सर्किटचा नकाशा उमटवण्याच्या क्रियेला लिथोग्राफी म्हणतात. एका वेफरवर असे अनेक थर एकावर एक चढवावे लागतात. त्यांतील सर्वांत सूक्ष्म थरांसाठी 13.5 नॅनोमीटर तरंगलांबीचा ईयूव्ही (टोकाचा अतिनील) प्रकाश वापरतात. वितळलेल्या कथिलाच्या थेंबांवर सेकंदाला सुमारे 50,000 वेळा लेझरचा मारा करून तो निर्माण केला जातो आणि तसे यंत्र विकणारी एएसएमएल ही जगातील एकमेव कंपनी आहे. उरलेले थर 193 किंवा त्याहून अधिक नॅनोमीटरच्या जुन्या प्रकाशावर भागतात. तशी यंत्रे निकॉन आणि कॅनन या जपानी कंपन्याही बनवतात.

आता हिशेब मांडू. एक कारखाना महिन्याला 1,00,000 वेफर काढतो आणि प्रत्येक वेफरला 20 ईयूव्ही थर लागतात, असे उदाहरणापुरते धरू. म्हणजे महिन्याला 20 लाख वेळा वेफर यंत्राखालून गेले पाहिजेत. यंत्राची कागदावरील गती ताशी 160 वेफर मानली, तर 720 तासांत 1,15,200 फेऱ्या होतील. परंतु देखभाल, बंद पडण्याचा वेळ आणि प्रत्यक्षात द्यावी लागणारी प्रकाशाची जास्त मात्रा लक्षात घेऊन 75,000 फेऱ्याच हाती लागतात, असे समजू. 20 लाखांना 75,000 ने भागले की सुमारे 27 यंत्रे येतात.

मात्र ही 27 यंत्रे कारखान्यात आधीच उभी आहेत. नवी ऑर्डर निघते ती केवळ वाढीव क्षमतेसाठी. पहिल्या वर्षी क्षमता 20 टक्क्यांनी वाढून 1,20,000 झाली, तर वाढीव 20,000 वेफरांसाठी महिन्याला 4 लाख फेऱ्या, म्हणजे पाचाहून थोडी अधिक यंत्रे लागतील. दुसऱ्या वर्षी वाढ 10 टक्के राहिली, म्हणजे 12,000 वेफरांची, तर तीनच्या आसपास यंत्रे पुरतात. चिपचे उत्पादन दोन्ही वर्षी वाढले आणि तरीही यंत्रांची विक्री 40 टक्क्यांनी घटली. यंत्रांची मागणी चिपच्या खपावर अवलंबून नसून खपाच्या वाढीवर अवलंबून असते, आणि वाढ किंचित मंदावली तरी ही मागणी धाडकन खाली येते. अर्थशास्त्रात याला त्वरक तत्त्व म्हणतात.

यात आणखी दोन गुंते आहेत. दरवर्षी यंत्रे वेगवान होतात. ताशी 160 ऐवजी 220 वेफर हाताळणारे यंत्र आले की तेवढ्याच फेऱ्यांना यंत्रे एक चतुर्थांशाहून अधिक कमी लागतात. उलट, थरांची संख्या 20 वरून 22 झाली, तर त्याचा भार वाढीव वेफरांवरच नव्हे, तर सगळ्या 1,20,000 वेफरांवर पडतो आणि त्या दोन थरांसाठीच तीनेक यंत्रे लागतात, म्हणजे 10 टक्के विस्ताराइतकी. म्हणून एआयच्या मथळ्यांपेक्षा नव्या पिढीच्या चिपमध्ये ईयूव्ही थर किती वाढणार, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे ‘सेमीकंडक्टर’ हा शब्द कानावर पडताच समभाग उचलणाऱ्यांची संख्या मोठी आहे, त्यांच्यासाठी येथे एक नोंद केली पाहिजे. गुजरातमधील धोलेरा येथे टाटांचा जो कारखाना उभा राहतो आहे, त्याचे तंत्रज्ञान 28 नॅनोमीटर आणि त्याहून मोठे, म्हणजे चिपच्या जुन्या पिढ्यांचे आहे (हा आकडा प्रकाशाच्या तरंगलांबीचा नव्हे). त्याला ईयूव्ही लागतच नाही. साणंदचा मायक्रॉनचा प्रकल्प तयार चिपची जुळणी आणि चाचणी करण्याचा आहे, वेफरवर सर्किट उमटवण्याचा नाही.

तिमाही ऑर्डरींचा आकडा 2026 पासून जाहीर करणार नसल्याचे एएसएमएलने सांगितले आहे. त्यामुळे ग्राहकांच्या भांडवली खर्चाकडे पाहावे लागेल: टीएसएमसीने जानेवारी 2025 मध्ये त्या वर्षासाठी 38 ते 42 अब्ज डॉलरचा अंदाज दिला होता, परंतु त्यात इमारती आणि इतर सर्व यंत्रेही येतात. शिवाय एएसएमएलच्या 2024 मधील 28.3 अब्ज युरोच्या विक्रीपैकी सुमारे 6.5 अब्ज युरो बसवलेल्या यंत्रांची देखभाल आणि सुधारणा यांतून आले. हा भाग वाढीवर नव्हे, तर उभ्या असलेल्या एकूण यंत्रांवर अवलंबून असतो, म्हणून त्याचा अंदाज वेगळा मांडावा लागतो.