‘जुन्या गाडीला जाड ऑइल’ ही समजूत आली कुठून

सोलापुरात ऑइलच्या दुकानात आजही गिऱ्हाईक ‘चाळीस नंबर द्या’ म्हणतं आणि दुकानदार काही न विचारता २०डब्ल्यू-४० चा डबा पुढे सरकवतो. दोघांच्या लेखी ते एकच. प्रत्यक्षात ‘चाळीस नंबर’ हे एका जमान्याचं ऑइल होतं आणि २०डब्ल्यू-४० हे त्यानंतरच्या जमान्याचं. ‘गाडी जुनी झाली, आता जरा जाड टाका’ हा सल्लाही त्या पहिल्या जमान्यातूनच चालत आलेला आहे. तो सरसकट चुकीचा नाही, पण कुठे लागू पडतो आणि कुठे नाही हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

ऑइलला नंबर देण्याची पद्धत अमेरिकेतल्या एसएई या इंजिनियरांच्या संस्थेने १९११ साली सुरू केली. नंबर सांगतो तो फक्त जाडपणा. आजच्या मोजणीत १०० अंश सेल्सिअसला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (जाडपणाचं एकक) भरलं तर ३० नंबर, १२.५ ते १६.३ म्हणजे ४०, आणि १६.३ ते २१.९ म्हणजे ५०. ऑइल चांगलं की टाकाऊ, हे या आकड्यात कुठेच नाही. रस्त्याकडेला सुटं मिळणारं, गाळून पुन्हा विकलेलं ऑइलही ४० नंबरचं असू शकतं.

एकेरी नंबरच्या ऑइलची अडचण थंड मुलखात झाली. १०० अंशांना बरोबर असणारं ऑइल बर्फात मेणासारखं घट्ट व्हायचं, इंजिन फिरायचं नाही. म्हणून हिवाळ्यासाठी डब्ल्यू लावलेले वेगळे नंबर आले, आणि पुढे पॉलिमर मिसळून एकाच ऑइलला दोन्ही गुण देणारं मल्टिग्रेड आलं. २०डब्ल्यू-४० मधला २०डब्ल्यू सांगतो की उणे १५ अंशांलाही स्टार्टर इंजिन फिरवू शकेल. १५डब्ल्यूची परीक्षा उणे २० ला, १०डब्ल्यूची उणे २५ ला, ५डब्ल्यूची उणे ३० ला होते. सोलापुरात शून्याची गोष्टच नाही. हिवाळ्यात पहाटे पारा दहाबारावर आला तरी लोक शेकोटी पेटवतात. आणि जाडपणा मोजायचं प्रयोगशाळेतलं दुसरं तापमान आहे ४० अंश, म्हणजे मे महिन्यातल्या इथल्या सावलीपेक्षा थोडं कमीच. त्यामुळे डब्ल्यूच्या आधीचा आकडा लहान करण्यासाठी जादा पैसे मोजून जुन्या गाडीला सोलापुरात फारसा लाभ नाही. लक्ष द्यायचं ते मागच्या आकड्यावर आणि त्याखाली बारीक टाइपात छापलेल्या अक्षरांवर.

मल्टिग्रेडमधलं पॉलिमर कायम टिकत नाही. गिअरच्या दातांत सापडून त्याचे तुकडे होतात आणि ५० चं ऑइल हळूहळू ४० च्या पट्ट्यात उतरतं. ज्या मोटारसायकलमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर एकाच ऑइलात चालतात तिथे हे लवकर होतं. ‘दोन हजार किलोमीटरनंतर गिअर कडक पडतोय’ ही तक्रार बहुतेक वेळा यामुळेच असते. त्यावर गिअर उघडण्याआधी ऑइल बदलून बघावं.

आता अक्षरांकडे. सुरुवातीच्या ऑइलात औषध, म्हणजे मिसळलेली रसायनं, असं काही नसायचं. काजळी आणि चिकट गाळ चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, तळाशी बसायचा, वरचं ऑइल स्वच्छ दिसायचं. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅटरपिलरच्या डिझेल इंजिनांत पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटू लागल्या, आणि त्यावर उपाय म्हणून साफ करणारी रसायनं घातलेली ऑइलं निघाली. ही रसायनं काजळी तळाला बसू न देता ऑइलात तरंगत ठेवतात. त्यामुळे डिझेल गाडीत नवं ऑइल शे-दोनशे किलोमीटरमध्ये काळं पडणं म्हणजे ते काम करतंय. रंगावरून ऑइल ‘गेलं’ ठरवणं ही औषध नसलेल्या ऑइलाच्या काळातली खूण आहे.

दर्जाची ही पातळी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआय, अक्षरांत सांगते. पेट्रोल इंजिनासाठी एस, डिझेलसाठी सी, आणि पुढचं अक्षर जितकं नंतरचं तितकं ऑइल नवं: एसएफ १९८०, एसजे १९९६, एसएल २००१, एसएन २०१०, एसपी २०२०. डिझेलकडे सीएफ-४ १९९०, सीएच-४ १९९८, सीआय-४ २००२, सीके-४ २०१६. नवं अक्षर जुन्या गाडीला चालतं, उलट नाही. पेट्रोल गाडीसाठी एकटं एसएफ किंवा त्याआधीचं अक्षर असलेला डबा स्वस्त मिळाला तरी घेण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे या सगळ्याची गती निराळी राहिली. इंडियन ऑइलचा सर्वो हा ब्रँड १९७२ चा. एस्सोचं १९७४ मध्ये आणि बर्मा-शेलचं १९७६ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं, त्यातून हिंदुस्तान आणि भारत पेट्रोलियम उभ्या राहिल्या. पुणे–हैदराबाद हमरस्त्यावर, तेव्हाच्या नऊ नंबरच्या महामार्गावर, ट्रक चाळीस नंबरवर धावायचे आणि शहरातल्या ॲम्बेसेडर, फियाट त्यातलंच उचलायच्या. निवड फार नव्हती, म्हणून सवय पक्की झाली. १९९१ नंतर बाजार खुला झाल्यावर डब्यांची गर्दी झाली, पण काउंटरवरची भाषा तीच राहिली.

जुन्या इंजिनाला जाड ऑइल चालायचं त्याला बांधणीचं कारण होतं. ॲम्बेसेडरचं १४८९ सीसी इंजिन ब्रिटिश बी-सीरिजचं, प्रीमियर पद्मिनीचं १०८९ सीसी इटालियन घराण्याचं. दोन्हीत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या, म्हणजे पुशरॉड, आणि त्यांच्याखाली कॅमवर सरळ घासणारे सपाट टॅपेट. बेअरिंगमधली फट मोठी, पंप साधा. या घासणाऱ्या जागी धातूला वाचवतं ते ऑइलातलं झेडडीडीपी हे जस्त-फॉस्फरसचं रसायन. धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले (आपल्याकडे चार महानगरांत १९९५ पासून) आणि फॉस्फरस त्यांना बिघडवतो म्हणून त्याला चाप लागला; एसएमपासून मर्यादा ०.०८ टक्के. जुन्या गाडीचे मालक इथे घाबरतात, पण ही मर्यादा ३० आणि त्याखालच्या पातळ ऑइलांना आहे. २०डब्ल्यू-५० ला ती लागू नाही. त्यामुळे पद्मिनी-ॲम्बेसेडरला आजही नावाजलेल्या कंपनीचं २०डब्ल्यू-५०, एसएल किंवा वरचं, हेच सरळ उत्तर. ५डब्ल्यू-३० सिंथेटिक महाग असलं तरी त्यांच्यासाठी बरं नव्हे: पातळही आणि जस्तही कमी.

मारुती ८०० हे प्रकरण वेगळं. डिसेंबर १९८३ मध्ये ती आली तेव्हा तिचं ७९६ सीसी इंजिन ओव्हरहेड कॅमचं, जास्त आरपीएमचं आणि बारीक फटींचं होतं. केवळ वय झालं म्हणून तिला ५० नंबर देणं म्हणजे इंजिनावर ओझं. ती ऑइल खात नसेल तर २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० पुरे. वर्षं मोजण्यापेक्षा तब्येत बघावी.

तब्येत बघायची कशी? ऑइल किती खाते ते लिहून ठेवा. हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरच्या आत असेल तर ग्रेड बदलायची गरज नाही; लिटरच्या वर गेलं तर डबा बदलून भागणार नाही. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना एकदाच निळा धूर आला तर व्हॉल्व्हचे सील गेलेत. ॲक्सिलरेटर दाबल्यावर सतत येत असेल तर रिंगा. खात्री हवी तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावं: आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह. गरम इंजिनावर आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकत असेल तर बेअरिंग झिजलेली किंवा पंप थकलेला. या अवस्थेत ४० वरून ५० वर गेल्याने दिवा विझतो, प्रेशर दिसतं, धूरही थोडा कमी होतो. म्हणजे काही महिने मिळतात. हाफ इंजिनचं काम (इंजिन उघडून रिंगा-बेअरिंग बदलणं) टळत नाही.

याच नादात धूर दाबायला इंजिनात नव्वद नंबर ओतला जातो, आणि तो मात्र निव्वळ घातक प्रकार. गिअर ऑइलचे नंबर वेगळ्या पट्टीवरचे आहेत. ९० नंबर १०० अंशांना १३.५ सेंटिस्टोक्सपासून सुरू होतो, म्हणजे इंजिनाच्या ४०-५० एवढाच जाड. नावात नव्वद आहे इतकंच. त्यात काजळी धरून ठेवणारं औषध नसतं, आणि गिअरच्या दातांसाठी घातलेलं गंधकाचं रसायन इंजिनातल्या पितळी-तांब्याच्या भागांना खातं.

जुन्या जीप, ट्रॅक्टर आणि टेम्पोंना १५डब्ल्यू-४० सीआय-४ सोपं पडतं, सुरुवातीपासून वीस-चाळीसवर असतील तर तेही. इथे इतिहासाने मालकाच्या बाजूने कौल दिला आहे. १९९० च्या दशकात डिझेलमधलं गंधक टक्क्यात मोजलं जायचं. त्यातून आम्ल तयार व्हायचं आणि ते मारण्यातच ऑइलातला क्षार संपायचा. एप्रिल २०२० पासून डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत १० भाग एवढंच असतं. म्हणून जुन्या डिझेल इंजिनात आता ऑइल आम्लाने कमी आणि काजळी-धुळीने जास्त खराब होतं. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला ऑइल बदलायचा २५० तासांचा हिशेब पाळताना एअर क्लीनरच्या वाटीतलं ऑइल त्याआधी कितीतरी वेळा बदलावं लागतं ते यासाठी. धूळ आत गेली तर भारीतलं भारी ऑइल तिचं घासकाम थांबवू शकत नाही.

ट्रॅक्टरच्या बादलीतलं उरलेलं ऑइल मोटारसायकलला घालायची पद्धत गावोगावी आहे. ओला, म्हणजे इंजिन ऑइलातच चालणारा क्लच असलेल्या गाडीला डब्यावर जासो (जपानी प्रमाण) एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. १९९० च्या दशकाअखेर जपानी कंपन्यांनी हे प्रमाण आणलं ते कारचं घर्षण कमी करणारं ऑइल मोटारसायकलचा क्लच घसरवू लागलं म्हणूनच. जुन्या शंभर सीसी हिरो होंडात कागदी फिल्टरच नसतो. क्लच कव्हरच्या आत गरगर फिरणारी वाटी गाळ धरते. ती वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही. टू-स्ट्रोकचा हिशेब साधा: चेतकसारख्या गाडीला लिटर पेट्रोलला २० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल), जासो एफसी किंवा एफडी. फोर-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलमध्ये मिसळलं तर राख प्लगवर बसते.

अनेक वर्षं साध्या ऑइलवर चाललेलं इंजिन चांगल्या ऑइलवर आणताना एक काळजी घ्यावी. नवं औषध जुना गाळ सोडवतं आणि तो चेंबरमधल्या जाळीत अडकतो. गाळानेच बुजलेली सीलही मग गळू लागते. लोक दोष ‘सिंथेटिक’ला देतात. रॉकेल-डिझेल ओतून इंजिन धुणंही टाळावं, कारण एकदम सुटलेला गाळ पंपावर जातो. त्यापेक्षा पहिलं ऑइल हजार-दीड हजार किलोमीटरमध्ये काढावं, दर वेळी फिल्टर नवा, आणि जमल्यास चेंबर उतरवून जाळी धुवावी. काढायचं ते दहा मिनिटं गाडी चालवून, ऑइल गरम असताना. ड्रेन नटचा तांब्याचा वायसर नवा टाकावा. भरताना ऑइल मोजायच्या पट्टीवरच्या वरच्या खुणेपलीकडे जाऊ नये, क्रँक ऑइल घुसळून फेस करते आणि फेसाचं प्रेशर टिकत नाही.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने यात एक भर घातली आहे. नवी पेठेपर्यंत जाऊन परत येणारी गाडी पुरती तापत नाही, न जळलेलं इंधन आणि पाणी ऑइलात उतरतं, झाकणाखाली दुधट चिकटा दिसतो. अशा गाडीचं ऑइल किलोमीटर भरले नाहीत तरी सहा महिन्यांनी काढावं. आणि रिकामा डबा भोक पाडून मगच टाकावा. तो पुन्हा भरून विकणारे बाजारात आहेत.