रॉक गार्डनच्या भिंतीआधी पडलेली गावं

मार्च २०२५मध्ये चंडीगडच्या रॉक गार्डनची, म्हणजे नेकचंद सैनी यांनी टाकाऊ वस्तूंतून घडवलेल्या मूर्तींच्या बागेची, एक भिंत पाडली गेली. शेजारच्या हायकोर्टाकडे जाणारा रस्ता रुंद करायचा होता, गाड्या लावायला जागा हवी होती. शहरातले लोक चिडले. ही बाग मुळात पाडापाडीतूनच उभी राहिली आहे, हे ठाऊक असलं की तो संताप कळतो.

फाळणीत नेकचंद सैनी यांचं शकरगढ भागातलं गाव पाकिस्तानात गेलं. पुढे ते चंडीगडला सार्वजनिक बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टर म्हणून लागले. वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यावर नवं शहर उभं राहत होतं आणि त्यासाठी जुनी गावं उठवली गेली होती. मागे उरलं ते फुटकी मडकी, कपबशा, बांगड्यांचे तुकडे. ज्याचं स्वतःचं गाव सुटलं, त्याला हा नुसता कचरा वाटला नसावा, असं मला फार वाटतं.

१९५७च्या सुमारास नेकचंद हे सगळं सायकलवर लादून सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात नेऊ लागले. तिथे बांधकामाला सक्त मनाई. म्हणून काम नोकरीची वेळ संपल्यावर, गुपचूप, रात्री जुने टायर पेटवून त्यांच्या उजेडात. मोडक्या सायकलींचे सांगाडे आत, त्यावर सिमेंट, आणि वरून काचेची, चिनी मातीची कातडी. माणसं, माकडं, मोर, पाणी भरणाऱ्या बाया अशा रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या.

१९७५मध्ये हे सरकारला कळलं, तोवर बाग १२ एकरांवर पसरली होती. कायद्याने ती जमीनदोस्त व्हायला हवी होती. पण लोक पाठीशी उभे राहिले आणि १९७६मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. नेकचंद यांना पगार मिळाला, हाताखाली ५० मजूर मिळाले. चिंध्या आणि फुटकी भांडी गोळा करायला शहरभर केंद्रं निघाली. १९८४मध्ये पद्मश्री.

तरीही बुलडोझर आले. १९८०चं दशक सरता सरता बागेतून रस्ता काढायचा घाट घातला गेला, तेव्हा चंडीगडकरांनी मानवी साखळी करून तो अडवला. १९९६मध्ये नेकचंद परदेशी असताना मूर्तींची तोडफोड झाली. त्या वेळी बाग स्वयंसेवकांनी सांभाळली.

१२ जून २०१५ रोजी नेकचंद गेले. भिंत पडली तेव्हा त्याला दहा वर्षं व्हायला तीन महिने कमी होते.