जन्मजात हृदयदोष आणि व्यायाम-प्रशिक्षण

जन्मतःच हृदयाच्या रचनेत दोष असलेल्या मुलांना आणि प्रौढांना नीट तपासून, प्रत्येकाच्या ताकदीनुसार आखून दिलेला आणि हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम. वैद्यकाची ही शाखा तशी अलीकडची आहे, कारण पूर्वी असे रुग्ण मोठे होईपर्यंत जगतच नसत. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ‘निळ्या बाळा’वर, म्हणजे हृदयदोषामुळे रक्तात ऑक्सिजन कमी पडून अंग निळे झालेल्या बाळावर, पहिली शस्त्रक्रिया झाली. कल्पना हेलन टाऊसिग यांची, हात अल्फ्रेड ब्लेलॉक यांचे, आणि तंत्र कुत्र्यांवर आधी बसवले होते ते विव्हियन थॉमस यांनी. पुढच्या काही दशकांत शस्त्रक्रिया इतक्या सुधारल्या की आज संपन्न देशांत या दोषासह जन्मलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुले प्रौढ होतात.

जगण्याचा प्रश्न सुटला, पण ‘जपा’ हा सल्ला मागे राहिला. छातीवर टाक्यांची खूण असलेले मूल पी.टी.च्या तासाला कडेला बसवले जाते, जिना चढताना कुणीतरी त्याचे दप्तर घेते. त्याला दम लागतो तो काही अंशी हृदयामुळे आणि काही अंशी या बसून राहण्यामुळे. दुसरे कारण घालवता येते. प्रशिक्षणाचा रोख तिथेच असतो.

टेट्रालॉजी ऑफ फॅलो या दोषात फुप्फुसांकडे रक्त कमी जाते. शस्त्रक्रिया न झालेले असे मूल खेळता खेळता निळे पडले की आपणहून उकिडवे बसते. पायांतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन शरीराकडे जाणाऱ्या रक्ताला होणारा अवरोध वाढतो आणि जास्त रक्त फुप्फुसांकडे वळते. हे त्याला कुणी शिकवलेले नसते. याच दोषाची शस्त्रक्रिया बाळपणी झालेला अमेरिकेचा स्नोबोर्डपटू शॉन व्हाइट याने २००६, २०१० आणि २०१८ मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. हे उदाहरण सरसकट सर्वांना लावू नये, पण दोषाच्या नावावरून मर्यादा ठरत नाही, एवढे त्यातून कळते.

मर्यादा ठरते ती आजच्या स्थितीवरून. त्यासाठी जवनिकांची (हृदयाच्या खालच्या, रक्त ढकलणाऱ्या कप्प्यांची) ताकद, फुप्फुस-धमनीतला दाब, महाधमनीची रुंदी, ठोक्यांची लय आणि श्रमात रक्तातला ऑक्सिजन किती उतरतो, या पाच गोष्टी पाहतात. सायकल किंवा ट्रेडमिलवर, तोंडाला मास्क लावून श्वासातले वायू मोजणारी चाचणी सर्वांत उपयोगी. हृदयाचे ठोके जास्तीत जास्त किती वाढतील हे सांगणारे ‘२२० वजा वय’ हे जिममधले सूत्र इथे फसते, कारण यातल्या अनेकांचे ठोके श्रमातही पुरेसे वाढत नाहीत. म्हणून चाचणीतला स्वतःचा आकडा धरतात, नाहीतर साधा नियम: बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतका जोर.

सर्वांत विलक्षण गोष्ट फॉन्टन रुग्णांची. एकच जवनिका कामाची असलेल्यांसाठी बोर्दोच्या फ्रान्सिस फॉन्टन यांनी १९६८ मध्ये पहिल्यांदा केलेल्या या शस्त्रक्रियेनंतर, आजच्या तिच्या रूपात शरीरातले अशुद्ध रक्त हृदयाला वगळून थेट फुप्फुसांत जाते. त्याला ढकलणारा पंपच नाही. मग रक्त पुढे सरकते ते श्वासाच्या ओढीने आणि पायांच्या स्नायूंच्या पिळण्याने. पोटऱ्या इथे अर्धे हृदयच म्हणायच्या. २०१३ मध्ये सिडनीतील संशोधकांनी अशा मोजक्या रुग्णांकडून २० आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला, तेव्हा स्नायू वाढलेच, शिवाय हृदयातून बाहेर पडणारे रक्तही वाढले. अट एकच: वजन उचलताना श्वास रोखायचा नाही. छातीतला दाब वाढला की ती ओढच थांबते. योगासने चालतील, दीर्घ कुंभक नको.

बंधने दोषागणिक वेगळी. यांत्रिक झडप बसवून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने कबड्डी खेळू नये. पळणे-चालणे मात्र जरूर करावे. महाधमनी फुगलेली असेल तर मल्लखांब किंवा जड वजने टाळावीत, कारण अंग आवळून धरताना रक्तदाब एकदम चढतो. आयझेनमेंगर अवस्थेत, म्हणजे फुप्फुसांतला दाब फार वाढून अशुद्ध रक्त शरीरात मिसळू लागते तेव्हा, दमछाक करणारे श्रम आणि उन्हात पाणी कमी पडणे, दोन्ही घातक. बेताचे चालणे त्यांनाही सांगतात. भोवळ, छातीत दुखणे किंवा धडधड झाली तर थांबून आधी डॉक्टरांना दाखवायचे.

नेहमीचा कार्यक्रम सुमारे १२ आठवड्यांचा, आठवड्यातून दोन-तीनदा असतो. आधी झालेले अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात असे १५ अभ्यास आणि ९२४ सहभागी होते. दमसास थोडा वाढलेला दिसला, व्यायामामुळे मृत्यू झाल्याची नोंद नव्हती. जगण्याचा दर्जा सुधारतो का, याचा पुरावा मात्र कच्चाच निघाला. फायदा माफक आहे, हे मान्य करायला हवे.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध येतो तो शोधाच्या टप्प्यावर. शाळा-अंगणवाड्यांत मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला आणि त्याच्या यादीत जन्मजात हृदयदोष आहे. दोष सापडतो, शस्त्रक्रियाही होते. पण हृदय-पुनर्वसन म्हटले की आपल्याकडे बायपास झालेले काकाच डोळ्यांपुढे येतात, दहा वर्षांची मुलगी येत नाही. मास्कची महागडी चाचणी जवळ नसेल तिथे सहा मिनिटे चालण्याची चाचणी घेता येते. त्यासाठी ३० मीटरची सपाट ओसरी, दोन खुणा, घड्याळ आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर पुरते.