कझाकस्तानचे बहुदिशा परराष्ट्र धोरण

रशिया, चीन, अमेरिका, युरोप, तुर्कस्तान अशा सगळ्यांशी एकाच वेळी सलोखा राखायचा, पण कोणा एकाच्या ओंजळीने पाणी प्यायचे नाही, हे मध्य आशियातील कझाकस्तानने स्वातंत्र्यानंतर अंगीकारलेले सूत्र. रशियन भाषेत त्याला ‘म्नोगोवेक्तोर्नोस्त’ म्हणतात. पहिले राष्ट्राध्यक्ष नूरसुल्तान नझरबायेव (कार्यकाल १९९१–२०१९) यांच्या नावाशी हे धोरण जोडले जाते. त्याची आखणी आणि अंमलबजावणी करणाऱ्यांत कासिम-जोमार्त तोकायेव प्रमुख होते. चीनविषयक जाणकार असलेले तोकायेव १९९४ पासून परराष्ट्रमंत्री होते आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

कझाकस्तानने स्वातंत्र्य जाहीर केले ते १६ डिसेंबर १९९१ रोजी, सोव्हिएत प्रजासत्ताकांत सर्वांत शेवटी. त्याआधी आठ दिवस रशिया, युक्रेन व बेलारूस यांच्या नेत्यांनी बेलारूसमधील एका वनविश्रामगृहात बसून संघ मोडीत काढला होता. नझरबायेव त्या बैठकीत नव्हते आणि संघ टिकावा अशीच त्यांची इच्छा होती. म्हणजे हे स्वातंत्र्य मागून मिळालेले नव्हे, तर अंगावर येऊन पडलेले. २१ डिसेंबरला अल्मा-आता (आताचे अल्माटी) येथे अकरा प्रजासत्ताकांनी स्वतंत्र राष्ट्रांच्या राष्ट्रकुलावर सह्या केल्या. २ मार्च १९९२ रोजी देश संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. परराष्ट्र मंत्रालय १९४४ पासून कागदोपत्री होते, मात्र सगळे निर्णय मॉस्कोत होत.

नव्या सरकारपुढची पहिली अडचण भूगोलाची होती. क्षेत्रफळ सु. २७ लाख चौ. किमी. आणि महासागराला भिडणारा किनारा नाही. रशियाशी साडेसात हजार किमी.हून लांब सलग सीमा, पूर्वेला चीन. दुसरी अडचण लोकसंख्येची. १९८९ च्या जनगणनेत कझाक ४० टक्के, तर रशियन ३८ टक्के होते, आणि उत्तरेच्या पट्ट्यात रशियनांचेच प्राबल्य होते. हा पट्टा आपलाच, असे रशियातील राष्ट्रवादी तेव्हा उघड बोलत. राजधानी १९९७ मध्ये अल्माटीहून उत्तरेकडील अकमोला (आताचे अस्ताना) येथे नेली गेली, त्यामागे भूकंपाचा धोका व जागेची टंचाई ही कारणे दिली गेली. पण उत्तरेवर हक्काची मोहोर उमटवणे हा हेतू लपण्यासारखा नव्हता.

हाती आलेला सर्वांत मोठा ऐवज आणि सर्वांत मोठे ओझे एकच होते, ते म्हणजे अण्वस्त्रे. सु. १,४०० सामरिक अण्वस्त्रे व १०४ एसएस-१८ क्षेपणास्त्रे कझाक भूमीवर उरली होती. ती डागण्याचे नियंत्रण मात्र मॉस्कोकडे होते. लोकमत अण्वस्त्रांच्या विरोधात होते, कारण सेमिपालाटिंस्कच्या मैदानात १९४९ ते १९८९ दरम्यान साडेचारशेहून अधिक चाचण्या झाल्या होत्या. स्वातंत्र्यापूर्वीच, २९ ऑगस्ट १९९१ रोजी नझरबायेव यांनी ते केंद्र बंद केले. असे असूनही १९९२ च्या सुरुवातीला त्यांची भाषा मोघम राहिली. हे मोल फुकट सोडण्याची त्यांची तयारी नव्हती. मे १९९२ मध्ये अण्वस्त्रे सोडण्याचे मान्य करणाऱ्या लिस्बन मसुद्यावर सही झाली आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये देश अण्वस्त्रप्रसारबंदी करारात बिगर-अण्वस्त्रधारी म्हणून दाखल झाला. डिसेंबर १९९४ मध्ये बुडापेस्ट येथे रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा आदर करण्याचे आश्वासन दिले. शेवटची अण्वस्त्रे एप्रिल १९९५ मध्ये रशियाला गेली.

याच काळातली एक गुप्त मोहीम या धोरणाचा स्वभाव चांगला दाखवते. उस्त-कामेनोगोर्स्क येथील उल्बा कारखान्याच्या गोदामात सु. ६०० किलो अतिसमृद्ध, म्हणजे अण्वस्त्रे बनवता येण्याजोगे, युरेनियम पडून होते. ऑक्टोबर १९९४ मध्ये ३१ अमेरिकी तंत्रज्ञ तेथे आले. सहाएक आठवडे माल हाताळून, तपासून, डब्यांत भरून त्यांनी तो नोव्हेंबरमध्ये लष्करी मालवाहू विमानांनी अमेरिकेत नेला आणि तेथून टेनेसीतील ओक रिज येथे पोचवला. रशियाला आधी विचारले होते, त्यामुळे त्याचा रोष ओढवला नाही; अमेरिकेकडून मोबदला मिळाला, आणि घरातला धोकाही गेला.

रशियाशी फारकत परवडणारी नव्हती. मार्च १९९४ मध्ये मॉस्को विद्यापीठातील भाषणात माजी सोव्हिएत देशांच्या युरेशियन संघाची कल्पना मांडली ती नझरबायेव यांनीच. त्याच वर्षी बैकोनूर अंतराळतळ रशियाला वर्षाला ११.५ कोटी डॉलर भाड्याने दिला गेला. तरी रुबलशी काडीमोड त्याआधीच झाला होता. ब्रिटनमध्ये गुपचूप छापून आणलेले ‘टेंगे’ हे चलन १५ नोव्हेंबर १९९३ रोजी व्यवहारात आले.

चीनशी सीमाप्रश्न १९९४ ते १९९८ दरम्यानच्या करारांनी मिटला. वादग्रस्त भूभागातील निम्म्याहून थोडा अधिक भाग कझाकस्तानकडे राहिला. जमीन सोडल्याबद्दल देशात कुरकुर झाली, पण पूर्वेची सीमा कायमची ठरली. या सीमेवरील रेल्वेस्थानकाचे सोव्हिएत काळातील नाव ‘द्रुझबा’, म्हणजे मैत्री. आता त्याला ‘दोस्तिक’ म्हणतात. अर्थ तोच, आणि शब्दही मराठी माणसाला ओळखीचा, कारण आपला ‘दोस्त’ आणि हा ‘दोस्तिक’ एकाच फार्सी मुळाचे. मैत्री असली तरी रूळ जुळत नाहीत. सोव्हिएत रुंदी १,५२० मिमी., चीनची १,४३५. म्हणून डबे उचलून त्यांखालचे चाकगाडे बदलावे लागतात किंवा माल दुसऱ्या गाडीत चढवावा लागतो.

तेलाच्या बाबतीत हेच सूत्र नळांत उतरले. तेंगिझ क्षेत्रासाठी एप्रिल १९९३ मध्ये अमेरिकेच्या शेव्हरॉन कंपनीशी करार झाला. तेल बाहेर नेणारी मुख्य वाहिनी मात्र २००१ मध्ये रशियाच्या नोव्होरोसिस्क बंदराकडे गेली. चीनकडे जाणारी अतासू–आलाशान्कोऊ वाहिनी २००६ मध्ये सुरू झाली.

भारताशी संबंध लवकर जुळले. स्वतंत्र राष्ट्रांच्या राष्ट्रकुलाबाहेरचा नझरबायेव यांचा पहिला दौरा फेब्रुवारी १९९२ मध्ये भारताचाच होता. त्यांनी १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांत सुचवलेल्या आशियाई विश्वासवर्धन परिषदेची पहिली शिखर बैठक जून २००२ मध्ये अल्माटीत भरली. भारत-पाक सीमेवर सैन्य समोरासमोर उभे असताना वाजपेयी आणि मुशर्रफ दोघेही तिला हजर होते. भारतीय अणुभट्ट्यांसाठी २०१५–१९ या काळात ५,००० टन युरेनियम देण्याचा करारही पुढे झाला.

२०२२ मध्ये या धोरणाला मोठा ताण बसला. जानेवारीतील दंगली आवरण्यासाठी तोकायेव यांनी रशियाप्रणीत सामूहिक सुरक्षा संघटनेचे सैनिक बोलावले. जूनमध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे, पुतिन शेजारी असताना, युक्रेनमधील दोनेत्स्क व लुहान्स्क या रशियाने मान्यता दिलेल्या फुटीर प्रदेशांना मान्यता देणार नाही असे त्यांनीच सांगितले. जुलैमध्ये एका रशियन न्यायालयाने नोव्होरोसिस्कची वाहिनी ३० दिवस बंद ठेवण्याचा हुकूम दिला. नंतर तो फिरवून दंडावर भागवले गेले. रशियन बंदरांतून जाणारे कझाक तेल युक्रेन युद्धामुळे रशियावर लादलेल्या निर्बंधांच्या कचाट्यात सापडू नये, म्हणून ते त्याच वर्षापासून ‘केबको’ या वेगळ्या नावाने विकले जाते.