फलटण तालुक्यातील पीकसंशोधन

सातारा जिल्ह्याच्या ईशान्येला, नीरा नदीच्या दक्षिण काठावर फलटण तालुका पसरला आहे. पीकसंशोधनाच्या दोन मान्यवर संस्था या एका तालुक्यात आहेत : पाडेगावचे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र (स्थापना १९३२) आणि फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी बसलेली ‘नारी’ (स्थापना १९६८). पाडेगावचे केंद्र सरकारी. आज ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. नारी एका शेतकरी-संशोधकाने स्वतःच्या हिमतीवर उभी केली. पाडेगावने ऊस धरला, नारीने करडई. तालुक्याची रचनाही अशीच दुहेरी आहे. उत्तरेला नीरा उजव्या कालव्याखालची हिरवी बागायत आणि दक्षिणेला माण-खटावकडे सरकावे तसतसा विरळ होत जाणारा पाऊस. कालव्याच्या वरच्या अंगाला उभे राहिले की ही दोन्ही शेते एका नजरेत येतात. त्यांतल्या उसाची कीर्ती सर्वत्र झाली, करडईच्या संशोधकांचे नाव मात्र तालुक्याबाहेर फारसे कोणी घेत नाही. त्यांचे काम उसाच्या कामापेक्षा तसूभरही कमी नाही, म्हणून या नोंदीत दोन्ही शेजारी शेजारी ठेवली आहेत.

पाडेगाव : आधी माती, मग ऊस

दख्खनच्या कालव्यांनी दुष्काळी मुलखात ऊस आणला आणि उसामागोमाग क्षारपड जमीन आणली. पाणी भरपूर, निचरा कमी. काळ्या खोल जमिनीत पाण्याची पातळी वर येते, उन्हाने पाणी उडून जाते आणि मीठ वर राहते. नीरा डाव्या कालव्यावर बारामतीच्या बाजूला हे आधीच घडून गेले होते. त्यामुळे पाडेगावचे पहिले मोठे काम वाणांचे नव्हते, जमिनीचे होते. जे. के. बसू आणि एस. एस. सिरूर यांनी नीरा उजवा आणि प्रवरा या कालव्यांखालच्या जमिनींचा थरांपर्यंत खोदून अभ्यास केला आणि १९३८ मध्ये त्यांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. कोणत्या जमिनीला पाणी मानवेल, कोणती बिघडेल, हे खड्डा खणून, थर पाहून सांगता येते, हा त्याचा गाभा. दख्खनच्या मृदाशास्त्रात या निबंधाचा आधार पुढे अनेक दशके घेतला गेला.

उसाचा नवा वाण पाडेगावात तयार होतो, पण त्याचा संकर बहुतेक वेळा कोइमतूरला होतो. आपल्याकडे उसाला तुरा येतो, मात्र त्यात रुजणारे बी सहसा धरत नाही. कोइमतूरच्या हवेत ते धरते. १९१२ पासून तिथे ऊस पैदास संस्था आहे ती याच कारणाने. तिथल्या तुऱ्यांवरून झाडलेले केसाळ, कापसाच्या पिंजणासारखे बी पाडेगावला येते. ते शेणखत मिसळलेल्या मातीवर ट्रेमध्ये पसरतात आणि ओलाव्यात, उबेत ठेवतात. काही दिवसांत ट्रेवर हिरवी लव उगवते. नवख्याला ते गवत वाटते. पण त्यातला प्रत्येक कोंब वेगळा असतो, अगदी सख्ख्या भावंडांसारखा वेगळा, आणि पुढे टिपरीने, म्हणजे उसाच्या डोळे असलेल्या तुकड्याने, वाढवला की तो जसाच्या तसा राहतो. ऊस पैदासकाराचा सगळा खेळ या एका गोष्टीवर आहे.

मग निवड सुरू होते. हजारो रोपांतून शेकडो, शेकड्यांतून डझन, डझनातून एखादे. कांडी किती जाड, रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचे माप) किती, मधे दशी पडते का (गाभा पोकळ होतो का), तुरा लवकर येतो का, ऊस लोळतो का, पाचट (वाळलेली पाने) आपोआप सुटते का, खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून येणारे पुढचे पीक) कसा फुटतो. आणि पानाच्या देठावर कूस आहे का. कूस म्हणजे बारीक काटेरी लव. ज्याने एकदा तरी ऊस तोडला किंवा बैलासाठी वाढे गोळा केले, त्याला तिचे वेगळे वर्णन लागत नाही. मनगटापासून कोपरापर्यंत ती दिवसभर टोचत राहते. संशोधन केंद्राच्या तक्त्यात कुशीला स्वतःचा रकाना असतो, ही मला या शास्त्रातली फार माणुसकीची गोष्ट वाटते. केंद्रातून निवडलेला ऊस पुढे वेगवेगळ्या केंद्रांवर आणि कारखान्यांच्या शेतांवर लागणीला आणि खोडव्याला तपासतात. संकरापासून शिफारशीपर्यंत दहा-बारा वर्षे सहज जातात. म्हणजे एका पैदासकाराच्या नोकरीत दोन, फार तर तीन वाण. आणि ज्याने संकर पाहिला तो शिफारशीच्या वेळी बहुधा दुसऱ्या केंद्रावर बदलून गेलेला असतो. म्हणून उसाचा वाण एका माणसाच्या नावावर सहसा लागत नाही, केंद्राच्या नावावर लागतो.

को ७४० हा पाडेगावचा पहिला मोठा विजय. १९५०च्या दशकात आलेल्या या उसाने त्याआधीच्या को ४१९ ची जागा घेतली आणि सहकारी साखर कारखानदारी वाढली त्या सगळ्या काळात महाराष्ट्राचे शेत व्यापले. १९९६ मध्ये को ८६०३२ आला, त्याला ‘नीरा’ हे नाव मिळाले. साखरेचा उतारा चांगला, खोडवा चांगला, कोणत्याही हंगामात चालणारा. आज पाव शतकानंतरही कारखान्याच्या गेटवरच्या मोळ्यांत तो असतोच. २००७ मध्ये कोएम ०२६५, म्हणजे फुले २६५, शिफारस झाला. हा वजनाला जबर आणि क्षारपड जमिनीत तग धरणारा. पक्व व्हायला वेळ लागतो म्हणून हंगामाच्या सुरुवातीला तो घ्यायला काही कारखाने नाखूश असत; शेतकरी मात्र टनावर खूश होता. बसू-सिरूर यांनी ज्या खारवट जमिनीचे थर मोजले, तशाच जमिनीत उभा राहणारा ऊस त्याच केंद्रातून जवळजवळ सत्तर वर्षांनी निघाला. एवढ्या लांबीचा धागा एखाद्या संस्थेच्या इतिहासात क्वचितच सापडतो.

वाणाच्या क्रमांकातच त्याची जन्मकुंडली असते. ‘को’ म्हणजे कोइमतूर, ‘एम’ म्हणजे महाराष्ट्र. ८६०३२ मधले ८६ हे वर्ष आणि ०३२ हा त्या वर्षीचा अनुक्रम. ०२६५ म्हणजे २००२ मधला पासष्टावा. बांधावर हे सगळे गळून पडते. तिथे ‘शहाऐंशी-झिरो-बत्तीस’ आणि ‘दोनशे पासष्ट’ एवढेच उरते, आणि जुनी माणसे अजून ‘सातशे चाळीस’चा गूळ आठवतात. पीडीएन १५०१२ सारख्या अलीकडच्या वाणांच्या संकेतात मात्र पाडेगावचे नाव थेट आले आहे.

शेजारच्या भागातही नावांची हीच रीत दिसते. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज केंद्राचे सोयाबीन ‘केडीएस’ या अक्षरांनी ओळखले जाते. तांबेरा रोगाला बऱ्यापैकी तोंड देणारा केडीएस ७२६, म्हणजे फुले संगम, त्यातलाच. कराड ४-११ हा जुना भुईमूग गावाचे नाव घेऊनच फिरला. व्यक्तीचे नाव वाणात राहिल्याचे ठळक उदाहरण तासगावचे : थॉमसन सीडलेस द्राक्षातून बोरगावचे बागायतदार वसंतराव आर्वे यांनी निवडलेला ‘तास-ए-गणेश’. तास म्हणजे तासगाव, ए म्हणजे आर्वे. हे निवडीचे काम एका शेतकऱ्याने केले, प्रयोगशाळेने नव्हे, म्हणून ते नाव टिकले असावे.

वाणांइतकेच पाडेगावचे लागवडीचे काम मोलाचे आहे, आणि त्याची दखल कमी घेतली जाते. जुलै-ऑगस्टमध्ये लावायच्या आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० स्फुरद, १७० पालाश ही शिफारस इथल्या शेतकऱ्याला पाठ असते. खोडव्यासाठी पहारीची पद्धत सांगितली गेली. पाचट जाळायचे नाही, सरीत तसेच ठेवायचे. मग बुडख्यापासून चार-सहा इंचांवर पहारीने चार-सहा इंच खोल भोक पाडायचे, त्यात मूठभर खत टाकून झाकायचे, फूटभर पुढे सरकून पुन्हा तेच. पहिला हप्ता तोडणीनंतर पंधरवड्यात एका बाजूने, दुसरा साडेचार महिन्यांनी दुसऱ्या बाजूने. खत मुळाशी जाते, पाण्याबरोबर वाहत नाही, आणि जाळून राख होणारे पाचट जमिनीत कुजते. यासाठी नवे यंत्र लागत नाही, पहार प्रत्येक घरात असते.

२००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि पाहता पाहता सगळ्या ऊसपट्ट्यात पसरला. पानांच्या खालून पांढरी लोकर, वरून चिकट काळी बुरशी. डोक्यावर गेलेल्या उसात फवारणी करायची कशी, हा प्रश्न होता. कीटकशास्त्रज्ञांनी डिफा आणि मायक्रोमस हे माव्याला खाणारे कीटक शोधून, वाढवून शेतात सोडले. ज्या फडात डिफाच्या अळ्या झाल्या तिथली पाने कापून दुसऱ्या फडात नेऊन अडकवायची, हा उपाय शेतकऱ्यांनी उचलला. काही हंगामांत मावा आटोक्यात आला. पुढे हे संकट विस्मरणात गेले. कीटकशास्त्रज्ञाचे काम यशस्वी झाले की ते असेच दिसेनासे होते.

नारी : करडईचा काटा

बनबिहारी निंबकर यांचा जन्म १९३१ चा. वडील मराठी, आई अमेरिकन. घरी आणि गावात ते ‘बॉन’. फलटणला त्यांनी आधी शेती केली, मग बियाण्यांचे काम, आणि १९६८ मध्ये संस्था काढली. त्यांच्या पत्नी लेखिका जाई निंबकर या इरावती कर्वे यांच्या कन्या. जाईंचे बंधू, वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे, यांनीही फलटणला करडईवर काम केले. विद्यापीठाच्या बाहेर, तालुक्याच्या गावी, पिढ्यानुपिढ्या एवढे विज्ञान एका कुटुंबाभोवती जमावे हे विरळाच.

करडई हे रब्बीचे, खोल मुळाचे पीक. पेरणीच्या वेळी जमिनीत असलेल्या ओलीवर ती निघते, म्हणून कोरडवाहू शेतकऱ्याची ती जुनी सोबतीण. तिचा दोष एकच : पानांना, बोंडांना काटे. काढणी पहाटे करायची, दवाने काटा मऊ असतो तेव्हा. हाताला फडकी गुंडाळायची, आणि ऊन चढले की थांबायचे. ज्वारीच्या कडेने करडईचे तास पेरत ते जनावर आत शिरू नये म्हणून, म्हणजे काटा कुंपण म्हणूनही उपयोगी होता. पण मजुरी महागली, माणसे मिळेनात, तसा हाच काटा पिकाच्या मुळावर आला. तेव्हा काटा काढायचा, आणि उत्पन्न व तेल न घटवता काढायचा, हे नारीच्या पैदासकारांनी आपले काम मानले. त्यात डॉ. व्रिजेंद्र सिंग आणि डॉ. नंदिनी निंबकर ही नावे आधी घ्यावी लागतात.

करडईचा संकर किती चिकाटीचा असतो ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. एका बोंडात अनेक बारीक फुले दाटीवाटीने असतात. प्रत्येक फुलात परागकोशांची नळी आणि तिच्यातून वर सरकणारा स्त्रीकेसर; सकाळी तो वर येतानाच स्वतःचे पराग अंगाला लावून येतो. म्हणून आदल्या दुपारी, फूल उमलण्यापूर्वी, चिमट्याने एकेक नळी अलगद ओढून काढायची, मधला तंतू तुटू द्यायचा नाही, नको असलेली फुले छाटायची, बोंडाला पिशवी बांधायची. दुसऱ्या सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग आणून लावायचे. चिमटा धरणाऱ्या बोटांना काटे टोचतच असतात.

हे हाताने करून संकरित बियाणे शेतकऱ्याला पुरवणे अशक्यच. त्यासाठी ज्याला पराग धरतच नाहीत असे नरवंध्य झाड लागते. करडईत जनुकीय नरवंध्यत्व मिळाले, पण त्यात मादी ओळीतली निम्मी झाडे सुपीक निघतात आणि ती फुलोऱ्याच्या वेळी ओळखून उपटावी लागतात. हे सारे सांभाळून २००१ मध्ये नारीने बिनकाटेरी वाण ‘नारी-६’ आणि बिनकाटेरी संकर ‘नारी-एनएच-१’ दिला. बिनकाटेरी करडईचा हा जगातला पहिला संकर. पाकळ्या हाताने वेचता येऊ लागल्या, त्यांचा औषधी चहा करता येऊ लागला. पीक एकाचे दोन झाले.

नारीत दुसरेही बरेच घडले. अमेरिकेतली गोड ज्वारी आणि इथली ज्वारी यांच्यापासून ‘मधुरा’ तयार झाली : वर कणसात दाणा, ताटात गोड रस, चिपाडाचा चारा. १९८१ मध्ये अमेरिकेतून परतून फलटणला आलेले अभियंते डॉ. अनिल राजवंशी (पद्मश्री, २०२२) यांनी त्या रसाची काकवी, त्यापासून अल्कोहोल आणि अल्कोहोलवर चालणारी शेगडी-कंदील यांवर काम केले. डॉ. चंदा निंबकर यांनी सुंदरबनच्या गरोळ मेंढीतले जुळे देणारे जनुक लोणंदच्या दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. ती प्राण्यांची गोष्ट, पण पैदासशास्त्र तेच. आनंद कर्वे यांनी पुढे पुण्यात ‘आरती’ ही संस्था काढली आणि उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तंत्राला २००२ मध्ये अॅशडेन पुरस्कार मिळाला. पाडेगाव जे पाचट सरीत ठेवायला सांगते, त्याचाच हा दुसरा उपयोग.

एवढे होऊनही महाराष्ट्रातले करडईचे क्षेत्र गेल्या काही दशकांत फार घटले. तिच्या जागी हरभरा आला, बाजारात स्वस्त आयात तेल आले. जिथे करडई टिकली तिथे काढणी यंत्राने होऊ लागली, आणि यंत्राला काटा बोचत नाही. त्यामुळे पैदासकारांचा भर तेलावर सरकला. नारी-५७ सारख्या वाणांत तेलाचे प्रमाण ३५ टक्क्यांच्या वर गेले आहे. बिनकाटेरी वाण मात्र अजून मागितले जातात. ज्यांच्याकडे एकर-दोन एकर आहे, ज्यांच्या वावरात यंत्र वळत नाही आणि काढणी घरच्या बायका करतात, ते शेतकरी बियाणे घेताना पहिला प्रश्न काट्याचाच विचारतात.