मिथेनॉलचं विष बनतं आपल्याच लिव्हरमध्ये

विषारी दारूची बातमी आली की दरवेळी तेच छापून येतं, दारूत मिथेनॉल नावाचं विष मिसळलं होतं. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून जास्त माणसं गेली तेव्हाही हेच वाचलं. हे खोटं नाही पण अर्धवट आहे. मिथेनॉल पोटात गेल्यावर आधी नुसती झिंग आणतं, खरं विष त्यातून नंतर तयार होतं आणि ते तयार करतं आपल्याच लिव्हरमधलं एन्झाइम, अल्कोहोल डिहायड्रोजिनेज. म्हणून तर रात्री पिऊन झोपलेल्या माणसाला कधीकधी दुसऱ्या दिवशी अंधुक दिसायला लागतं.

या एन्झाइमचं काम एवढंच, अल्कोहोलमधून दोन हायड्रोजन काढायचे. पण ते ज्या पद्धतीने काढतं ना, त्याच्याइतकं देखणं मला तरी बायोकेमिस्ट्रीत दुसरं काही दिसलेलं नाही.

एन्झाइमच्या आत एक खोल खोबण असते आणि तिच्या तळाशी जस्ताचा एक आयन, एन्झाइममधल्याच दोन सिस्टीन आणि एका हिस्टिडीन या अमिनो आम्लांनी घट्ट धरलेला. आधी एनएडी येऊन बसतो (हा हायड्रोजन उचलून नेणारा मदतनीस रेणू, आपल्या शरीरात व्हिटॅमिन बी-3 पासून बनतो), मग अल्कोहोल येतं आणि जस्तावरच्या पाण्याच्या रेणूला हटवून आपल्या ऑक्सिजनने जस्ताला चिकटतं. आता साध्या इथेनॉलमधला, म्हणजे नेहमीच्या दारूतल्या अल्कोहोलमधला, ऑक्सिजनवरचा हायड्रोजन सहजासहजी सुटत नाही, त्याचा पीकेए (हा आकडा जितका मोठा तितकं हायड्रोजनने आपला इलेक्ट्रॉन मागे ठेवून प्रोटॉन म्हणून सुटणं अवघड) 16 च्या आसपास असतो, पण जस्त धन प्रभाराचं असल्यामुळे ते ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतं आणि बाजूला एनएडीचाही धन प्रभार असतोच, त्यामुळे पीकेए उतरून साधारण 6.4 वर येतो, म्हणजे तो प्रोटॉन सुटणं अब्जावधी पटींनी सोपं झालं! सुटलेला प्रोटॉन, आग विझवताना बादल्या हातोहात पुढे जातात तसा, जवळच्या सेरीन किंवा थ्रिओनीन या अमिनो आम्लाकडून एनएडीमधल्या साखरेकडे, तिथून हिस्टिडीन-51 कडे (एन्झाइमच्या साखळीतलं 51 वं अमिनो आम्ल) आणि मग बाहेरच्या पाण्यात जातो.

दुसरा हायड्रोजन कार्बनवरचा. तो एकटा जात नाही, दोन इलेक्ट्रॉन घेऊन जातो, यालाच हायड्राइड म्हणतात आणि तो थेट एनएडीच्या रिंगमधल्या चौथ्या कार्बनवर जाऊन बसतो. वाटेत पाण्याला शिवतसुद्धा नाही. 1950 च्या दशकात शिकागोमध्ये वेस्टहायमर आणि व्हेनेसलँड या शास्त्रज्ञांनी यीस्टच्या एन्झाइमवर हे दाखवलं, इथेनॉलमध्ये हायड्रोजनच्या जागी जड ड्युटेरियम घातलं आणि ते एनएडीवर सापडलं. शिवाय त्या कार्बनवर दोन हायड्रोजन असतात, आपल्याला अगदी सारखे दिसणारे, पण एन्झाइम त्यातला नेमका एकच उचलतं, दरवेळी तोच.

इथेनॉलचं असं अॅसिटाल्डिहाइड होतं. मिथेनॉलचं मात्र फॉर्माल्डिहाइड, आणि पुढच्या एन्झाइमकडून फॉर्मिक आम्ल. ते पेशीतल्या मायटोकाँड्रियामधलं सायटोक्रोम ऑक्सिडेज हे ऑक्सिजन वापरणारं एन्झाइम अडवतं, पेशीला ऑक्सिजन वापरता येत नाही, आणि डोळ्याच्या नसेला त्याचा फटका लवकर बसतो.

2020 मध्ये इराणमध्ये दारूने कोरोना जातो अशी अफवा पसरली आणि मिथेनॉल पिऊन शेकडो लोक मेले. आपल्याकडेही विषारी दारू प्यायलेल्याला ताक, लिंबूपाणी पाजत घरी ठेवणारे आहेत. त्याने या एन्झाइमला काहीही फरक पडत नाही, फक्त हॉस्पिटलला पोचायचा वेळ जातो.

हॉस्पिटलमध्ये याच खोबणीवर इलाज करतात. इथेनॉल या एन्झाइमला मिथेनॉलपेक्षा कितीतरी जास्त घट्ट चिकटतं, म्हणून डॉक्टर रक्तातली पातळी सांभाळत तेच देतात (घरी करायचा प्रकार नाही हा!). त्याहून चांगलं औषध फोमेपिझोल, पण ते महाग. त्याच्या रेणूत दोन नायट्रोजन शेजारी शेजारी असतात, एक जस्ताला धरतो आणि दुसरा एनएडीच्या त्याच चौथ्या कार्बनला, जिथे हायड्राइड यायचा असतो. दोन्ही जागा अडल्या की मिथेनॉल रक्तात तसंच फिरत राहतं आणि डायलिसिसने, थोडंफार लघवीतून आणि श्वासातून, मिथेनॉल म्हणूनच बाहेर जातं.